न झिजलेली क्लिप

गाड्यांच्या सीटांना कव्हर शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. कात्री, टेप आणि जाड सुईचं मशीन ज्याच्या हाती असेल त्याला मास्तर म्हणायचं, एवढाच त्यामागचा अर्थ. नाहीतर मास्तरांची स्वतःची शाळा सातवीतच आटोपली होती आणि शाळेला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. पण हात सोन्याचा होता. त्यांनी शिवलेल्या सीटवर बसलं की नवीकोरी गाडी घेतल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणायचे. मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मग दिवसभर मशीनवर गुणगुणत राहायचे.

दुकान लांबट होतं. पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा, मागे मशीन, भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि सगळीकडे गोंदाचा आणि नव्या फोमचा वास. मशीनच्या वर फळी होती आणि फळीवर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा. त्या डब्यात क्लिपा असायच्या.

क्लिप म्हणजे सीटबेल्टच्या टोकाची ती लोखंडी पट्टी, जी बकलात खटकन बसते. पट्ट्यापासून कापून काढलेली नुसती क्लिप बकलात खोचून ठेवली की गाडीला वाटतं, बसलेल्या माणसाने बेल्ट लावला. मग गाडी बीप बीप करून डोकं उठवत नाही. कव्हर शिवायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता हमखास विचारायचं, "मास्तर, हे ओरडणं बंद करायचं काही आहे का हो?" मास्तर डबा खाली काढायचे. त्याचे पैसे ते घेत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि परत यायचं.

बेल्ट न लावण्याची कारणं मास्तरांना तोंडपाठ झाली होती. कोणाच्या गळ्याला पट्टा घासायचा, कोणाच्या शर्टाची इस्त्री मोडायची. कोणी म्हणायचं, गाडीला आग लागली तर आत अडकून मरायचं का? एकजण तर मित्राच्या शेजारी बसून बेल्ट लावला म्हणून मित्र रुसला, असं सांगत होता. माझ्या चालवण्यावर तुझा भरवसा नाही का, असं म्हणाला म्हणे. पोलीस दिसला की मात्र सगळ्यांचे हात आपोआप खांद्याकडे जायचे. आणि सगळ्यात लाडकं कारण एकच, ते दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं: जवळच तर जायचंय.

मास्तर हसून मान डोलवायचे. ते स्वतःही लावत नसत. दिवसभर लोकांच्या गाड्या आत-बाहेर करायच्या, दहा पावलांसाठी कशाला पट्टा आवळायचा?

क्लिपा यायच्या गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडून. हा भंगारवाला इतका वाळका होता की सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या आवारात ठोकलेल्या गाड्या एकीवर एक रचलेल्या असत. मास्तर कात्री घेऊन जायचे आणि पट्टे कापून क्लिपा काढून आणायचे. त्यातही त्यांची एक आवड होती. रोज लावल्या जाणाऱ्या बेल्टच्या क्लिपेवर ओरखडे असतात, कडा घासलेल्या असतात. अशी क्लिप गिऱ्हाइकाच्या हातात देणं मास्तरांना कमीपणाचं वाटायचं. ते निवडून निवडून चकचकीत क्लिपा घ्यायचे, ज्यांच्यावर एक रेघ नाही. ती चकाकी कशामुळे टिकली असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास औषधाच्या दुकानाचे मालक गाडी घेऊन आले. पंधराच दिवसांपूर्वी मास्तरांनी त्यांना करड्या रंगाची कव्हरं करून दिली होती आणि ड्रायव्हरच्या बकलात एक क्लिप बसवली होती. औषधवाले एरवी बडबडे, दुकानात शिरले की आधी दोन विनोद आणि मग काम. आज ते गाडीतून उतरले आणि चावी मास्तरांच्या हातात ठेवून लांब जाऊन उभे राहिले.

"काय झालं साहेब? शिवण उसवली?"

"नाही. आवाज येतो."

"बीपचा?"

"बीपचा असता तर आलो नसतो." त्यांनी घसा खाकरला. "बकलातून येतो. टक्… टक्… असा. तुम्ही एक चक्कर मारून बघा."

"चला की मग, बरोबरच जाऊ."

"तुम्हीच जा," औषधवाले म्हणाले, आणि फळीवरच्या डब्याकडे बघत राहिले. "मी थांबतो इथे."

मास्तरांना हसू आलं. औषधं विकणारा माणूस इतका भित्रा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सीटखालचा स्क्रू सैल झाला असणार, दुसरं काय! त्यांनी खिशात पाना टाकला आणि गाडी काढली.

कालव्याच्या कडेने एक सरळ रस्ता जातो. रहदारी कमी, एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला उंच झाडं. गाडीचा आवाज ऐकायचा तर मास्तर नेहमी तिथेच जायचे. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. काचा बंद केल्या, पंखा बंद केला, आणि ते कान देऊन चालवू लागले.

पहिला मैलभर काहीच नाही. मग डाव्या कमरेपाशी आवाज झाला.

टक्.

मास्तरांनी खाली बघितलं. बकल जागच्या जागी होतं, त्यात क्लिप घट्ट बसलेली होती. त्यांनी बोटाने हलवून पाहिली, हलली नाही. स्क्रूही सैल नव्हता. त्यांनी पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं.

टक्… टक्…

लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज होता, हलका आणि चिकाटीचा. असा आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता. घाईत असलेला माणूस न बघता बेल्ट लावायला जातो आणि त्याला बकलाचं तोंड सापडत नाही, तेव्हा होतो तो. मास्तरांनी वेग वाढवला तसा आवाजही वाढला. समोर एक म्हैस आडवी आली म्हणून त्यांनी ब्रेक मारला, आणि त्या क्षणी कमरेपाशी टकटकटकटक असा नुसता कल्लोळ उठला. बकलातली क्लिप थरथरत होती. बाहेरून तिच्यावर काहीतरी धडका मारत होतं. आत शिरायला बघत होतं आणि जागा आधीच भरलेली होती.

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच होतं. म्हैस सावकाश निघून गेली. गाडीत आता एक वास येत होता, मघाशी नव्हता तो. गरम इस्त्री नुकतीच फिरवलेल्या सुती शर्टाचा वास. मास्तरांच्या अंगावर होता तो शर्ट तर गोंदाने बरबटलेला होता.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

टक्… टक्…

त्यांनी बकलाचं लाल बटण दाबलं आणि क्लिप उपसून काढली. ती गरम होती, नुकतीच कोणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी. टकटक थांबली. त्याच्या जागी गाडीचं बीप बीप सुरू झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना त्या आवाजाने बरं वाटलं. निदान तो आवाज यंत्राचा होता, त्याचं कारण माहीत होतं. तो बंद करायचा म्हणून त्यांनी उजव्या खांद्यामागे हात नेला. पट्टा शोधावा लागला नाही. कोणीतरी आपण होऊन हातात दिल्यासारखा तो त्यांच्या तळव्यात आला.

बकलात खट्ट झालं आणि बीप थांबलं. त्यांच्या कानाशी कोणीतरी दीर्घ श्वास सोडला. इतक्या जवळून, की कानावरचे केस हलले.

मास्तर तसेच बसून राहिले. मग त्यांनी हळूच मान खाली घातली. बेल्ट लावला की स्प्रिंग तो छातीवर ताणून धरते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पण पट्टा त्यांच्या छातीला लागलाच नव्हता. तो चार बोटं पुढे, हवेत ताणून उभा होता. मधल्या त्या चार बोटांत काही दिसत नव्हतं.

कसाबसा हात लांब करून त्यांनी बटण दाबलं, पट्टा सर्रकन मागे गेला, आणि दार उघडून ते बाहेर पडले. पाण्याकडे बघत पाच मिनिटं उभे राहिले. हातात क्लिप होती. उजेडात त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. आरशासारखी स्वच्छ, एकही ओरखडा नाही. आपण ती निवडली तेव्हा किती खूश झालो होतो, तेही त्यांना आठवलं. आणि मग पहिल्यांदाच तो प्रश्न मनात आला, जो इतकी वर्षं आला नव्हता.

भंगाराचं आवार तिथून जवळच होतं. पण गाडीत पुन्हा बसायचा धीर त्यांना झाला नाही. उघड्या दारातून हात घालून त्यांनी इंजिन बंद केलं आणि ते चालत गेले.

पैलवान खाटेवर बसून चहा पीत होता. मास्तरांना पायी आलेलं बघून तो हसला. "काय मास्तर, दुनियेच्या गाड्यांना कपडे शिवता आणि स्वतः पायपीट?"

मास्तरांनी क्लिप त्याच्यासमोर धरली. "ही कुठल्या गाडीची?"

"मला काय माहीत? तुम्हीच कापून नेता."

"गेल्या महिन्यात नेलेल्यातली. पांढरी गाडी होती, छोटी. कुंपणापाशी होती बघ, नाकाचा चेंदामेंदा झालेली. पुढच्या दोन्ही सीटांच्या क्लिपा घेतल्या होत्या मी."

पैलवानाने कप खाली ठेवला. "हां. ती." त्याने क्लिप हातात घेतली, अंगठ्याने पुसली, आणि परत दिली. "मास्तर, एक विचारू? तुम्ही नेहमी चकचकीतच का घेता?"

"बरी दिसते."

"चकचकीत म्हणजे कधी लावलेलाच नाही. मी तर गाडी आली की आधी क्लिप बघतो. घासलेली असली तर वाटतं, आतला माणूस घरी गेला असेल. कोरी असली की मी काही विचारत नाही."

मास्तर खाटेच्या कडेला टेकले.

"त्या गाडीत नवराबायको होते," पैलवान खालच्या आवाजात म्हणाला. "गाडी ओढून आणणाऱ्याने सांगितलं मला. नवरा ऑफिसला जायचा, शर्टाला घडी पडते म्हणून लावायचा नाही. आणि बायको… तिला आठवा महिना होता. पोटावर दाब येतो, बाळाला लागेल, असं वाटायचं तिला. दवाखान्यात तपासायला निघाले होते. घरापासून दवाखाना चार चौक." त्याने मास्तरांच्या हातातल्या क्लिपेकडे पाहिलं. "दुसरी क्लिप कोणाला दिलीत?"

मास्तरांचा हात आधीच खिशातल्या फोनकडे गेला होता.

दुसरी क्लिप त्यांनी स्वतःच्या लेकीला दिली होती.

एकुलती एक लेक. आई लवकर गेली, तेव्हापासून बापाने एकट्याने वाढवलेली, म्हणून डोक्यावर बसलेली. तिला सातवा संपून आठवा लागला होता. गेल्या रविवारी ती आणि जावई आले होते आणि ती कुरकुरत होती. "बाबा, तो पट्टा पोटावर काचतो. नाही लावला तर गाडी किंचाळते. आम्ही करायचं काय?" जावई म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतात लाव. पोटाखालून घ्यायचा, मांड्यांवरून." त्यावर तिने नाक मुरडलं. "डॉक्टरला आहे का पोट?" मास्तर पोट धरून हसले होते. डबा खाली काढून त्यांनी सगळ्यात चकचकीत क्लिप निवडली, शर्टाला पुसली, आणि तिच्या शेजारच्या बकलात स्वतःच्या हाताने बसवून दिली. "घ्या राणीसाहेब. आता गाडीची काय बिशाद आहे ओरडायची!"

हे सगळं आठवलं, आणि मग वारही आठवला. मंगळवार होता. मंगळवारी पाच वाजता तिची तपासणी असायची. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसरा तिने उचलला. मागे गाडीचा आवाज होता.

"बोला बाबा. दवाखान्यात निघालोय. दोन मिनिटांत पोचतो."

"गाडी थांबवायला सांग त्यांना."

"काय?"

"थांबव म्हणतो ना! ती क्लिप काढ. बेल्ट लाव."

"अहो बाबा, आलाच दवाखाना. जवळच तर…"

ती मध्येच थांबली. आणि त्या शांततेत, फोनच्या पलीकडून, मास्तरांना ऐकू आलं.

टक्… टक्…

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हा आवाज कधीचा येतोय. यांना वाटतं माझ्या बांगडीचा आहे… पण मी आज बांगडी घातलेलीच नाही."

"क्लिप काढ बाळा. लाल बटण दाब आणि ओढ."

"ओढते… निघत नाहीये. बाबा, इथे कसला वास येतोय? बाळाच्या पावडरीसारखा…"

टक् टक् टक् टक्.

"ओढ!"

"अगं काय करतेयस?" हे जावयाचं बोलणं होतं. मग लेकीचं "निघाली!" असं ओरडणं. मग जे ऐकू आलं ते मास्तरांना त्यानंतर कधीही नीट सांगता आलं नाही. ते एवढंच सांगत, की त्या सगळ्या गदारोळाच्या आधी, अगदी एका क्षणापूर्वी, खट्ट असा एक आवाज झाला होता.

पैलवानाने त्यांना आपल्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. दोघांनीही बेल्ट लावले होते.

लेक जिवंत होती. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. डॉक्टरने दोनदा ऐकवले, तेव्हा मास्तर भर वॉर्डात लहान मुलासारखे रडले. जावयाचा हात मोडला होता. तो दुसऱ्या खोलीत होता. त्याने बेल्ट लावलेला होता, कारण मागच्याच महिन्यात त्याला पोलिसांनी पकडलं होतं, दुसरं काही नाही.

"चूक माझीच," जावई म्हणाला. "ही क्लिपेशी झटत होती म्हणून मी एक क्षण तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून ट्रक आला."

मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले. आपण फोन केला नसता तर त्याने वळून बघितलं नसतं. आणि फोन केला नसता तर क्लिप बकलातच राहिली असती. यातलं कुठलं टोक धरावं ते त्यांना कळेना, आणि पुढेही कळलं नाही.

"पण एक सांगू का बाबा," जावई म्हणाला. "बेल्ट कापून काढावा लागला तिला. कापणारा माणूस मला म्हणाला, एवढा सैल बेल्ट माणसाला धरतो कसा? जिथे अडकला होता तिथे तिच्या आणि पट्ट्याच्या मध्ये अजून एक माणूस मावला असता."

मास्तर लेकीच्या खोलीत परत आले. परिचारिका तिच्या खांद्याला मलम लावत होती. डाव्या खांद्यापासून छातीच्या मधून एक रुंद काळानिळा पट्टा उमटला होता, आणि दुसरा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरून. जसा असायला हवा, तसाच.

"शहाणी आहे तुमची मुलगी," परिचारिका म्हणाली. "बरोबर पोटाखालून घेतला होता. बहुतेक जणी पोटावरूनच घेतात हो."

ती गेल्यावर लेकीने मूठ उघडली. आत क्लिप होती. इतका वेळ तिने ती सोडली नव्हती.

"बाबा, मी बेल्ट लावला नाही," ती छताकडे बघत म्हणाली. "क्लिप निघाली, आणि मी ती हातात धरून होते. तेवढाच वेळ होता. मी लावला नाही."

"मग कोणी…"

"माझ्या शेजारी नव्हती ती. मागेही नव्हती. माझ्याच जागेवर होती. माझ्या आधीपासून बसलेली." तिने बापाचा हात धरला. तिचा हात गार होता. "वाईट नाहीये हो ती. फक्त तिला फार घाई होती."

मास्तरांनी दोन्ही क्लिपा कालव्यात टाकल्या. दुकानात येऊन डबा उघडला आणि उरलेल्याही टाकल्या. ज्या आधीच वाटल्या होत्या, त्यांचं काय करायचं? कोणाकोणाला दिल्या ते त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. एक शिक्षिका होती, एक घरं रंगवणारा होता, एकजण तर नुसता रस्ता विचारायला थांबला होता. काही चेहरे आठवले, बरेच आठवले नाहीत. औषधवाल्यांनी आपली गाडी कालव्यावरून नेली ती परस्पर विकूनच टाकली. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी लेकीला घरी सोडलं. जावयाला अजून एक दिवस ठेवून घेणार होते. मास्तरांनी टॅक्सी बोलावली. स्वच्छ ऊन पडलं होतं, दवाखान्याच्या दारात माणसांची वर्दळ होती, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. लेक मागे डाव्या बाजूला बसली. तिने न सांगता बेल्ट ओढला, पोटाखालून घेतला आणि लावला. मास्तरांना भरून आलं. ते पलीकडच्या बाजूने तिच्याशेजारी बसायला गेले.

"बाबा, तुम्ही पुढे बसा," ती हळूच म्हणाली.

"का गं? पिशवी तरी ठेवतो तिथे."

"पिशवी माझ्या मांडीवर द्या."

मास्तर पुढे बसले. त्यांनी बेल्ट लावला. ड्रायव्हरने लावलेलाच होता. टॅक्सी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि बीप बीप सुरू झालं.

ड्रायव्हर वैतागला. त्याने स्वतःचं बकल तपासलं, मास्तरांचं तपासलं. "कमाल आहे! कशाला ओरडतेय ही?"

"मागच्या सीटचं असेल," मास्तर म्हणाले.

"मागच्या सीटला या गाडीत अलार्मच नाही हो. आणि मागे ताई एकट्याच तर आहेत."

बीप थांबेना. मास्तरांनी मागे वळून बघितलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. आणि ती दाराला अगदी चिकटून बसली होती, शेजारच्याला पुरेशी जागा व्हावी म्हणून सरकून बसतात तशी.

"जरा थांबवा," मास्तर ड्रायव्हरला म्हणाले.

ते उतरले. मागचं उजवं दार उघडलं. सीट रिकामी होती. रेक्झिनवर ऊन पडलं होतं, धूळ दिसत होती. बाळाच्या पावडरीचा मंद वास येत होता. मास्तरांनी खांद्यापाशी हात नेला, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आडवा घेतला.

"खाली घ्या बाबा…" लेक खिडकीबाहेरच बघत म्हणाली. "पोटाखालून."

मास्तरांनी पट्टा खाली घेतला. खट्ट झालं, आणि बीप थांबलं.

"झालं?" ड्रायव्हरने पुढून विचारलं.

मास्तरांनी पट्ट्यावरचा हात काढून घेतला. स्प्रिंगने ताणलेला पट्टा सीटला चपटा चिकटायला हवा होता. तो चिकटला नाही. खालचा भाग हवेत तसाच राहिला, एका मोठ्या गोल पोटाला खालून वळसा घालून, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो आतून एकदा किंचित हलला.